दोन चुलींचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीच्या पोरांनी आम्हाला सांगितले होते की, काका, तुम्ही गिरणी कामगारांच्या लढ्यावर बोला. त्या विषयावर या विहारात आम्ही पुष्कळ वेळा बोललो आहोत आणि तुम्ही ते प्रत्येक वेळी सहन केले आहे. आज थोडे वेगळे बोलू द्या. गेल्या वर्षभरात आपल्या वस्तीतल्या चार घरांतून आमच्याकडे कागद आले. ‘काका, हे ऑफर लेटर जरा वाचून द्या.’ एक दुबईचे, एक सौदीचे, दोन कतारची. चारही कागदांवर पगाराचा आकडा ठळक होता. आम्ही प्रत्येकाला एकच विचारले, ‘पगार कळला बाबा, पण खर्चाचा कागद कुठे आहे?’ चौघांपैकी एकाकडेही तो नव्हता. म्हणून आजचा विषय हा आहे की, परदेशी नोकरीला जाण्याआधी घरखर्चाचा हिशेब कसा मांडावा.

आम्ही कुणी अर्थशास्त्री नव्हे. शिक्षण नववीपर्यंत, बाकीचे सगळे वाचनालयात आणि युनियनच्या ऑफिसात झाले. १९९० साली त्रासन खात्यात बदली म्हणून लागलो, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गिरणी थांबली ती आमच्यापुरती कायमचीच थांबली. हा हिशेब आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, चुकवून शिकलो. ती चूक आधी सांगतो. स्वतःचे चुकले ते न सांगता दुसऱ्याला उपदेश करणे बरे नव्हे.

२००८ ची गोष्ट. आमचा धाकटा भाऊ वेल्डर. इथे महिना ६,००० मिळायचे. एका एजंटाने दुबईची नोकरी आणली, पगार १,२०० दिरहॅम. तेव्हा दिरहॅमला साडेअकरा रुपयांच्या आसपास भाव होता. गुणाकार केला, १३,८०० रुपये! घरात सण झाला. एजंटाने ९०,००० मागितले. आमच्या पतपेढीतून ४०,००० काढले, भावजयीचे दागिने गहाण ठेवून २०,००० आणले आणि उरलेले ३०,००० सावकाराकडून, महिना शेकडा चार रुपये व्याजाने. निघायच्या आदल्या रात्री भावजयीने आम्हाला विचारले, ‘भाऊजी, तिकडून पैसे यायला किती दिवस लागतील? तोवर घर कसं चालवायचं?’ आम्ही म्हटले, ‘येतील की दोन महिन्यांत. आम्ही आहोत ना.’

बंधूंनो, आमच्या घरचे अंदाजपत्रक म्हणजे एवढे एकच वाक्य होते.

तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या कागदावर सही घेतली, त्यात पगार ८००. त्यातून जेवणाचे पैसे कापले. पहिली रक्कम तिसऱ्या महिन्यात आली, ५,००० रुपये. सावकार, पतपेढी आणि गहाणाचे व्याज भागवता भागवता घराच्या हाती काही लागेना. तेवढ्यात त्या वर्षाच्या अखेरीस जागतिक मंदीचा फटका दुबईच्या बांधकामांना बसला, काम थांबले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये भाऊ परत आला. कर्ज फिटायला पुढची चार वर्षे लागली. भावजयीने रात्र-रात्र बसून साड्यांना फॉल लावले. पुतणी आठवीत होती, तिची फी थकली, तिला शाळा बदलावी लागली. दोष मंदीचा होता, एजंटाचा होता, हे खरेच. पण भावजयीने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि त्याला उत्तर न देणारे आम्ही होतो. घरात कारभारी म्हणवणारे आम्हीच होतो ना!

खरे म्हणजे हा हिशेब आपल्याला नवा नाही. आमचे वडील खेड तालुक्यातून मुंबईला आले ते एकटे. आपल्याच गावकीच्या माणसाच्या एका खोलीत बारा जण. पाळीवरून आलेला झोपायचा आणि उठलेला पाळीला जायचा. जेवणाचे पैसे, खोलीचा वाटा, विडीकाडी आणि गावची मनिऑर्डर. पगाराच्या दिवशी गेटवर व्याजवाला पठाण उभा. आजचा दुबईतला ‘बेड स्पेस’ म्हणजे आपली तीच बारा माणसांची खोली आहे. वडिलांना लिहिता येत नव्हते, पण त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. मुंबईचा पगार म्हणजे घरची कमाई नव्हे. त्यातून मुंबईची चूल पेटते, मग उरेल त्यात गावची चूल. परदेशाचेही तसेच आहे. एका पगारावर दोन चुली. जाण्याआधी दोन्ही चुलींचा महिन्याचा खर्च कागदावर आलाच पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. कुणाचे नाव घेत नाही. समजा एक इलेक्ट्रिशियन मुलगा आहे, इथे १४,००० कमावतो आणि १०,००० घरी देतो. त्याला दुबईला १,५०० दिरहॅम पगार मिळतो, राहायची जागा कंपनीची, जेवण स्वतःचे. दिरहॅमचा भाव आपण हिशेबासाठी २३ रुपये धरू; तुम्ही हिशेब कराल त्या दिवशीचा भाव बँकेत विचारून घ्यावा. १,५०० गुणिले २३ म्हणजे ३४,५००. वस्तीत सगळ्यांच्या तोंडी हाच आकडा असतो. आता पहिली चूल, म्हणजे तिकडची, मांडू.

मेसचे जेवण, समजा ४०० दिरहॅम.
फोन ७५.
साबण, कपडे, दवापाणी, सुट्टीच्या दिवशीचे बसभाडे १००.
पैसे पाठवण्याचा आकार २५.

एकूण ६००. उरले ९००, म्हणजे २०,७०० रुपये. ३४,५०० चे २०,७०० झाले आणि पोराने अजून एकही चैन केलेली नाही.

आता दुसरी चूल, इकडची. तो इथे असताना घरी १०,००० देत होता. तो गेला म्हणून खोलीचे भाडे, लाइटबिल, गॅस, रेशन, धाकट्याची फी, आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या काही थांबत नाहीत. म्हणजे ते १०,००० द्यावेच लागणार. उरले १०,७००. बंधूंनो, खरी मिळकत ती ही. कर्ज फेडायचे ते यातून, शिल्लक टाकायची ती यातून.

आता कर्ज पाहू. समजा त्याने एजंटाला आणि वरखर्चाला धरून १,२०,००० रुपये उचलले, महिना शेकडा तीनने. पहिल्या महिन्याचे व्याजच ३,६०० होते. महिना भरल्याशिवाय पगार नाही आणि पहिल्या पगारात तिकडचे भांडेकुंडे, अंथरूण निघते, म्हणून पहिले दोन महिने घरी काही येत नाही असेच धरावे. त्या दोन महिन्यांत व्याज मुद्दलात चढते. आम्ही महिन्यामहिन्याने मांडून पाहिले. १०,७०० प्रमाणे ते कर्ज फिटायला आणखी १५ महिने लागतात. एकूण १७ महिने झाले. करार २४ महिन्यांचा. उरले ७ महिने, शिल्लक साधारण ७५,०००. दोन वर्षे ऊन खाऊन, आईबापाचे तोंड न पाहता ७५,०००!

आता तोच मुलगा, तोच पगार, फक्त कर्ज वेगळे. समजा कायदेशीर खर्चात बसून एकूण ५०,००० लागले आणि ते पतपेढीतून शेकडा एकने घेतले. तेच दोन महिने कोरडे धरले तरी कर्ज ५ महिन्यांत फिटते. १७ महिन्यांची शिल्लक राहते, १,८०,००० च्या वर. पगार एक रुपयाने वाढला नाही, पण लाखभराचा फरक पडला. तो लाख रुपया कुणाच्या घरात गेला? सावकाराच्या आणि एजंटाच्या. म्हणून आमचे म्हणणे असे की, ‘पगार किती’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ‘कर्ज किती महिन्यांत फिटते’. करारातले निम्मे महिने कर्जातच जात असतील तर तो करार आपल्यासाठी नव्हे.

कायदा काय सांगतो तेही ऐका. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परदेशी कामगार पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी परवाना लागतो. त्याने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घ्यावा, असा परराष्ट्र मंत्रालयाचा नियम झाला. १८ टक्क्यांनी ते ३५,४०० होतात. पावतीशिवाय पैसे देऊ नका. परवाना खरा आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट या ठिकाणी पाहता येते, पोरांना मोबाईलवर दोन मिनिटे लागतात. आणि दुबईच्या बाबतीत तर तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करू नये, तो मालकाने सोसावा, असेच आहे. तेव्हा लाख-सव्वालाख मागणारा माणूस कोणत्या कायद्याने मागतो, हे त्याला तोंडावर विचारा.

ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा आहे, म्हणजे मुख्यत्वे दहावी पास नसलेले आपले भाऊ, त्यांना आखाती देशांत जाण्याआधी सरकारी परवानगी आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचे संरक्षण, अशी ती योजना २०१७ मध्ये सुधारली गेली. एजंट म्हणतो, ‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देतो.’ त्या वाटेने गेला की परवानगी नाही, विमा नाही आणि करारही नाही. २७५ रुपये वाचवायला १० लाखांवर पाणी सोडू नका.

करारातले आकडेही नीट वाचा. पगार १,५०० असला तरी त्यात मूळ पगार, म्हणजे बेसिक, किती ते पाहा. दुबईच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकइतकी ग्रॅच्युइटी आहे. बेसिक १,५०० असेल तर वर्षाचे १,०५० दिरहॅम होतात, ८०० असेल तर ५६०. ओव्हरटाइमही बेसिकवरच धरतात. आपण गिरणीत महागाई भत्त्यासाठी भांडलो ते याच कारणाने. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल ठरला, आणि मालक जेवण देत नसेल तर ३०० व जागा देत नसेल तर ५०० वेगळे. आमच्याकडे आलेल्या एका कागदावर १,००० लिहिले होते आणि जेवणाचा उल्लेखच नव्हता. आम्ही त्या पोराला म्हटले, ‘जेवण ते देणार की ३०० देणार, एवढे लिहून आण, मग सही कर.’ ३०० रियाल म्हणजे दोन वर्षांत ७,२०० रियाल होतात. एक ओळ लिहून घेण्याची ती किंमत आहे.

आता दुसरा प्रकार. काही शिकलेली मुले-मुली, अकाउंटंट, सुपरवायझर, विचारतात की, आम्ही कुटुंब घेऊन जातो. चांगली गोष्ट आहे. पण तिथे हिशेब आणखी कडक लागतो. समजा पगार ५,००० दिरहॅम, म्हणजे १,१५,००० रुपये. ऐकायला राजाचा पगार. नवरा-बायको आणि दोन मुले, शारजात एक खोली-स्वयंपाकघर.

घरभाडे, समजा वर्षाला ३०,०००, म्हणजे महिना २,५००.
वीज, पाणी, गॅस ३५०.
किराणा, भाजी, दूध १,१००.
दोन मुलांची फी आणि शाळेची बस १,०००.
फोन, इंटरनेट ३५०.
जाण्यायेण्याचे ३००.
बायको-मुलांचा व्हिसा आणि आरोग्यविमा, महिन्याचा वाटा २५०.

बेरीज ५,८५०. पगार ५,०००. गावी आईला एक रुपया पाठवण्याआधीच ८५० चा खड्डा! तोच माणूस पहिले वर्ष एकटा राहिला, बेड स्पेसला ७००, जेवण ५००, बाकी ५०० धरले, तर १,७०० खर्च होऊन ३,३०० उरतात, म्हणजे जवळजवळ ७६,००० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारून भरा. पण रकाने हेच राहतील.

आणि सुरुवातीचा खर्च वेगळाच. तिथे भाडे बहुधा आपल्यासारखे महिन्याच्या महिन्याला नसते, वर्षाच्या भाड्याचे पुढल्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. अनामत, दलाली, आणि दुबईत फ्लॅट घेतला तर वीज-पाण्याची २,००० दिरहॅम अनामत. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलला सुरू होतात, दिवाळीत मुले घेऊन गेलात तर वर्ष अधांतरी. संयुक्त अरब अमिरातीत ४,००० पगार, किंवा ३,००० आणि राहायला जागा असेल तर कुटुंबाचा व्हिसा मिळू शकतो, असा नियम २०१९ पासून झाला. पण व्हिसा मिळतो म्हणून संसार परवडतो असे नाही, ते आत्ताच आपण पाहिले. सौदीने तर जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली आणि दरवर्षी वाढवत २०२० मध्ये ती ४०० वर नेली. बायको आणि दोन मुले म्हणजे महिना १,२००, वर्षाला १४,४००. त्याच २३ च्या भावाने ३,३१,२०० रुपये, नुसते राहू देण्याचे! तेव्हा ज्या देशात जाल तिथली अशी सरकारी फी आज किती आहे, हे आधी विचारा.

रुपयाच्या भावाबद्दल दोन शब्द. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, १९९७ पासून एका डॉलरला ३.६७ च्या हिशेबाने. म्हणून डॉलरसमोर रुपया पडला की दिरहॅमचे जास्त रुपये येतात. जो एकटा राहून घरी पैसे पाठवतो त्याला त्याचा फायदा. पण जो कुटुंब घेऊन तिकडेच दिरहॅममध्ये मिळवतो आणि दिरहॅममध्येच खर्चतो, त्याला रुपया पडो की चढो, काही फरक नाही. उलट मंदी आली, नोकरी गेली, तर भाव पाहत बसायला कुणाला वेळ नसतो. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण त्यांची जयंती करतो, मग रुपयाचा साधा गुणाकार-वजाबाकी करायला कशाला घाबरायचे?

आणि दोन चुलींचेच म्हणाल तर ते बाबासाहेबांच्याही घरात होते. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यातच तिकडचे शिक्षण, आणि त्यातूनच काटकसर करून इकडे घरी पैसे. पुढे सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये लंडनला गेले. पण तिकडच्या चुलीबद्दल आपण जितके बोलतो तितके परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या चुलीबद्दल बोलत नाही. ती रमाईंनी कशी पेटती ठेवली असेल, याचा विचार आपल्यातल्या पुरुषांनी करावा. जाणाऱ्याचे कौतुक होते. राहणारीचा हिशेब कुणी विचारत नाही.

म्हणून माता-भगिनींसाठी एक स्पष्ट बोलतो. २००८ साली भावाचे पैसे आमच्या खात्यावर यायचे. आमच्या मनात पाप नव्हते. तरी भावजयीला डाळ-तांदळासाठी आमच्यासमोर उभे राहावे लागे. ‘भाऊजी, दोनशे मिळतील का?’ नवरा परदेशात राबतो आणि बायको दिराकडे हात पसरते, ही आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे आणि आज ती या सभेत कबूल करतो. जाण्याआधी बायकोचे स्वतंत्र खाते उघडा. आई सांभाळत असेल तर आईचे. परदेशी राहणाऱ्याने स्वतःचे एनआरई खातेही उघडावे, त्यातल्या ठेवीच्या व्याजावर इथे आयकर नाही. सगळ्या खात्यांना वारस लावा. आणि पहिल्या पगारानंतर किती रक्कम घरखर्चाला, किती कर्जाला, किती शिल्लक, हे आधी दोघांनी बसून ठरवा.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी. बिनकर्जी असणे हे गृहस्थाचे एक सुख आहे, असेही त्यांनी अनाथपिंडिकाला सांगितले. आपण वंदनेला बसतो तेव्हा हे फक्त भन्तेजींनी सांगायचे आणि आपण मान डोलवायची, असे नको. ज्याच्यावर सावकाराचे कर्ज आहे त्याला दोन भाग कर्जाला द्यावे लागतील, हरकत नाही. पण चौथा भाग सोडू नका. आमचा सल्ला असा की, विमानात बसण्याआधी परतीच्या तिकिटाचे पैसे आणि घरचा तीन महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवा, त्याला कुणी हात लावायचा नाही. आमच्या भावाकडे २००९ साली परतीचे तिकीट काढायलाही पैसे नव्हते, ते इथून उसने पाठवले.

अजून एक खर्च आहे, तो कुठल्याच कागदावर येत नाही. तो म्हणजे ‘दुबईवाला’ म्हणवून घेण्याचा. पोरगा विमानात बसला की इकडे मामाला साखरपुड्याला पैसे हवे, शेजाऱ्याला हातउसने हवे, गावच्या घराला स्लॅब हवा. सुट्टीवर आला की प्रत्येकाला वाटते आपल्याला काय आणले. समितीचे लोक रागावतील, पण जयंतीच्या वर्गणीलासुद्धा त्याच्यापुढे मोठा आकडा ठेवू नका. कर्ज फिटेपर्यंत तो दुबईवाला नव्हे, कर्जदार आहे. फिटल्यावर तो स्वतःहून देईल.

आता शेवटची गोष्ट. आठवीत जिची शाळा बदलली ती आमची पुतणी पुढे नर्स झाली. २०२२ मध्ये तिला आखातातल्या एका इस्पितळाचे बोलावणे आले. घरात पुन्हा आनंद. ती म्हणाली, ‘काका, आधी वही घ्या.’ परीक्षेची फी, कागदपत्रांच्या तपासणीची फी, मेडिकल, तिकडची चूल, इकडची चूल, तिच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, सगळे लिहिले. एजंटाची मागणी धरून बेरीज केली तर १३ महिने कर्जातच जात होते. करार दोन वर्षांचा. आम्ही सगळे गप्प. तीच म्हणाली, ‘नाही जमत. नको.’ आणि तिने ती नोकरी नाकारली. वस्तीत लोक बोलले, लक्ष्मी दारात आली आणि परत पाठवली. आमच्या भावजयीने मात्र एवढेच म्हटले, ‘तेव्हा कुणी असं लिहिलं असतं तर!’

दीड वर्षाने दुसरे बोलावणे आले. भरतीचा खर्च आणि तिकीट मालकाचे, जागा त्यांची. पुन्हा वही घेतली, बेरीज बसली, आणि ती गेली. दर महिन्याला पैसे येतात ते तिच्या आईच्या खात्यावर. ती वही आमच्या भावजयीपाशी आहे, दर महिन्याला ती त्यात लिहिते. फॉल लावायचे काम तिने सोडले आहे.

बंधूंनो, जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. आमच्या वडिलांना गावाने अडवले असते तर आज आम्ही इथे उभे नसतो. गिरण्या गेल्या, पोरांनी कुठे जायचे हा प्रश्न खरा आहे. जा, पण दोन्ही चुली मांडून जा. दर रविवारी वंदनेनंतर तासभर आम्ही विहारात बसलेले असतो. ज्याच्या घरी ऑफर लेटर आले असेल त्याने ते आणावे, कोरी वही आणावी, आणि घरात जी राहणार आहे तिला सोबत आणावे. तिच्याशिवाय आलात तर आम्ही परत पाठवू. कारण खरा प्रश्न तिलाच माहीत असतो, हे आम्ही ९०,००० रुपये खर्चून शिकलो आहोत.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम. नमो बुद्धाय.